सोडून का जाताय, सर?

‘सर, तुम्ही आम्हाला सोडून का जाताय?’

इंटरनेटचं कनेक्शन बंद करायला फोन केला की पलीकडची मुलगी हा प्रश्न अशा आवाजात विचारते, की लग्नाच्या बायकोनेही कधी इतक्या काळजीने चौकशी केली नसेल. तुम्ही म्हणता, घर बदलतोय. ती म्हणते, नव्या घरी देऊ ना, सर. तुम्ही म्हणता, तिथे तुमची लाइन पोहोचत नाही. ती म्हणते, मग तीन महिने निम्म्या दरात घ्या! न पोहोचणारी लाइन, पण निम्म्या दरात. एवढ्यावरही तुम्ही ढळला नाहीत तर कॉल ‘संबंधित विभागा’कडे जातो, आणि तिथे बासरी वाजत राहते. कनेक्शन घेताना हा संबंधित विभाग कुठे होता कोण जाणे. तेव्हा एक पोरगा शिडी घेऊन आला, भिंतीला भोक पाडलं, चहा प्यायला आणि गेला. तो जिना उतरायच्या आत नेट सुरू.

मुलीवर राग धरू नये. जाणाऱ्याला अडवायचं टार्गेट तिच्या डोक्यावर असतं आणि समोर वाचायचा कागद असतो. राग धरायचाच तर कागद लिहिणाऱ्यावर धरावा. सेवा विकण्याचं बटण त्याने अंगठ्याएवढं ठेवलंय आणि रद्द करण्याचं बटण पाच पानं ओलांडून, फिकट राखाडी अक्षरांत पुरलंय.

सरकारला हे ठाऊक नाही असं समजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात लबाडीचे 13 प्रकार नावानिशी दिलेत. ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणजे रद्द करण्याची वाट लपवणं, ती उगाच लांबवणं, किंवा फुकट देतो म्हणत आधीच ऑटो-डेबिटसाठी कार्ड मागून घेणं. ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणजे तुम्हाला न विचारता बिलात देणगी नाहीतर टिप सरकवणं. आणि माझा विशेष लाडका प्रकार, ‘कन्फर्म शेमिंग’. विमानाच्या तिकिटाबरोबरचा विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ असं तुमच्याच तोंडून वदवून घ्यायचं. हे उदाहरण त्या सूचनांमध्येच आहे. आपल्याकडे ही विद्या संगणकाच्या आधीपासून आहे म्हणा. लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या कुठल्याही वधूपित्याला विचारा. ‘बजेट नसेल तर साधं दाखवतो’ एवढंच ऐकून माणूस तीन गाद्या पुढे सरकतो.

तर बंदी आली. पुढे? जून 2025 मध्ये प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं, तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतःच करा. म्हणजे परीक्षार्थीनेच पेपर लिहायचा, त्यानेच तपासायचा. निकाल नोव्हेंबरात आला: 26 मोठ्या कंपन्यांनी आपल्याकडे डार्क पॅटर्न नसल्याचं जाहीर केलं. नापास कोणी झाल्याचं ऐकिवात नाही.

ग्राहकाच्या हक्कांची यादी लांबलचक आहे, पण त्यांतले बरेचसे हक्क बजावायला आधी त्याच कंपनीला फोन लावावा लागतो. मग पुन्हा बासरी. माझ्या मते खरा हक्क तोच, जो बजावताना कंपनीला विचारावं लागत नाही. असा एक आहे, आणि तो ग्राहक खात्याने नव्हे, रिझर्व्ह बँकेने दिलाय. 1 ऑक्टोबर 2021पासून कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे तर किमान 24 तास आधी तुम्हाला कळवावं लागतं, आणि ती एक कापणी किंवा सगळी परवानगीच नाकारण्याची सोय द्यावी लागते. मोठ्या रकमेला दर वेळी ओटीपी. ही मर्यादा आधी 5,000 रुपये होती, 2022 मध्ये 15,000 केली. नियम लागू झाला तेव्हा कित्येकांची सबस्क्रिप्शनं बंद पडली आणि कंपन्यांनी मोठा गळा काढला. गळा काढला म्हणजे नियम चांगला असणार, एवढं ताडायला अर्थशास्त्र लागत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी असते. ती एकदा उघडून पाहाच. ज्या योगासनांच्या अ‍ॅपवर तुम्ही एकच शवासन केलंत, ते अजून महिन्याला 199 रुपये नेत असेल. तिथेच रद्द करा, पिन टाका, संपलं. ‘का जाताय’ विचारायला कोणी नाही.

अर्थात महिन्याला बिल येणाऱ्या सेवेत नुसता ऑटोपे बंद करून हुशारी मिरवू नये. पैसे थांबतात, करार थांबत नाही. बिल चढत राहतं, आणि मग वसुलीवाल्याचा फोन येतो. तो तुमच्या जाण्याची कारणं विचारत नाही. म्हणून आधी ईमेल टाका: अमुक खाते क्रमांक, अमुक तारखेपासून सेवा बंद करावी. राउटर परत दिल्याची पावती घ्या आणि ती लाइट बिलांच्या फायलीत लावा. पोचपावती न देणारा माणूस घाईत असतो असं नाही.

आता क्लासवाले. जिम आणि क्लास यांच्या पावतीवर तळाला एक ओळ असतेच: ‘एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ जणू घटनेतलं कलम. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून मुलगा मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करा, हॉस्टेल-मेसचीसुद्धा. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि क्लासवाल्यांना हा फरक तुमच्या मुलाच्या गणितापेक्षा पक्का येतो.

खरा कायदा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा. तो 2019चा आहे, 2020च्या जुलैत लागू झाला. त्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे, अशा अटी रद्दबातल ठरवण्याची तरतूद आहे. फक्त अशी अट रद्दबातल ठरवून घ्यायला जिल्हा ग्राहक आयोग चालत नाही. राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. जिमची अट आणि राज्य आयोग! ज्याने हे लिहिलं त्याने जिमची पायरी कधी चढली नसावी. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून तक्रार मात्र जिल्हा आयोगात करता येते, आणि तिथे कायदा खरोखर मोकळ्या हाताचा आहे. कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. 5 लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. नुसती नोंद झाली तरी संबंधित विभागाचं जेवण लवकर आटोपतं.

तरी आपण करत नाही. 199 रुपयांसाठी कोण भांडणार? जाऊ दे. कंपन्यांचं सारं गणित या ‘जाऊ दे’वर बेतलेलं असतं. लाखभर लोकांनी महिनाभर ‘जाऊ दे’ म्हटलं की जवळजवळ दोन कोटी होतात, आणि त्यात सेवा काहीच द्यावी लागत नाही.

विम्यात ‘जाऊ दे’च्या जोडीला भीड येते. वर्षभराची किंवा त्याहून जास्त मुदतीची आयुर्विमा वा आरोग्य विमा पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून, परत करता येते. जितके दिवस विमा चालू होता त्याचा हिशेब, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा खर्च वजा करून बाकी पैसे परत. नियामकाने 2024 मध्ये मुदत 15 दिवसांची 30 केली ती बरीच झाली, कारण पहिले 15 दिवस आपल्याला पॉलिसीचा लिफाफा फोडायलाच लागतात. उरलेले 15 जातात एजंटाला कसं सांगायचं या विचारात. एजंट म्हणजे बहुधा आत्याचा जावई. गणपतीत समोर येणार, पंगतीत शेजारी बसणार. त्याला काहीच सांगू नका. अर्ज थेट कंपनीच्या ईमेलवर धाडा आणि आत्याचा फोन आला तर चार दिवस रेंज नव्हती म्हणा.