गोळे रंगवण्याची जपानी

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. २०१० पासून तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. नगर जिल्ह्यातल्या सुप्याच्या एमआयडीसीत जपानी उद्योगांसाठी खास क्षेत्र आखले गेले; परीक्षेसाठी मात्र नगरकर पुणे गाठतात. शब्दांची आणि कांजी लिपीचिन्हांची अधिकृत यादी मिळत नाही; त्यामुळे ‘अपेक्षित प्रश्नसंचा’वर पोसलेल्या परीक्षार्थीवर भाषाच शिकण्याची वेळ येते. दिलासा एवढाच, की क्रियापद मराठीसारखेच वाक्याच्या शेवटी येते. त्याहून मोठा दिलासा म्हणजे बोलण्याची आणि निबंधाची परीक्षाच नसते. योग्य पर्यायाचा गोळा रंगवला की झाले. एन-५ ला १८० पैकी ८० गुण आणि विभागवार किमान गुण पुरतात. उत्तीर्ण उमेदवार जपानी साहेबांसमोर अदबीने वाकतो आणि गप्प राहतो.