‘थोडंसंच काम आहे’ म्हणणाऱ्या मालकांस अनावृत पत्र

जुना ग्रास कटर विकायला काढणारे तमाम बागायतदार मालक यांस,



आपली जाहिरात पोचली. ‘ग्रास कटर विकणे आहे. मशीन एक नंबर. थोडंसंच काम आहे.’ वाचून ऊर भरून आला. मशीन एक नंबर आणि तरी काम आहे, म्हणजे ते काम आपण खास माझ्यासाठी राखून ठेवलंत. कोकणातल्या माणसाचं मन मोठं, असं ऐकून होतो. आता ते मन पडवीत, फवारणी पंपाच्या मागे, रिकाम्या गोणींखाली प्रत्यक्ष पाहायला मिळालं.

फोनवर आपण म्हणालात, “मेस्त्री म्हणाला किरकोळ आहे. कार्बोरेटर साफ केला की झालं.” मी भीत भीत विचारलं, मग करून का नाही घेतलात? त्यावर आपलं उत्तर सोन्याने मढवावं असं होतं. “आता विकायचंच आहे, तर खर्च कशाला?” काहीशे रुपये वाचवायला काही हजार सोडण्याची ही तयारी पाहून मी मनोमन हात जोडले.

सोडता कसे, ते सांगतो. ग्रास कटर बंद पडतो तो मुख्यतः दोन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा अशी, की बेणणी आटोपते आणि टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून मशीन भिंतीला टांगलं जातं. पेट्रोल उडून जातं, खाली टू-टी ऑइलचा चिकटा उरतो, तो कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. आतला डायफ्रॅम ताठरतो, पेट्रोलची नळी तडकते. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलाव्याची आपल्याकडे ददात नाही. हे सगळं मेस्त्रीच्या बाकड्यावर एका दुपारचं काम.

दुसरी तऱ्हा अशी, की मिश्रण करायचं राहून जातं. मशीन पाहून लीटरमागे २० ते ४० मिली ऑइल पेट्रोलमध्ये घालायचं असतं, पण मालक खळ्यात नसताना गडी बाटलीतलं साधं पेट्रोल ओततो आणि उतारावर मशीन पळवतो. तेल नाही म्हणजे पिस्टन सुका. तो सिलिंडरला घासतो, चरे पडतात, कॉम्प्रेशन जातं. मग कुठलं कार्बोरेटर साफ करणं? आतला सगळा सेट बदलायचा, आणि स्वस्तातलं मशीन असेल तर तो खर्च मशीनच्या किमतीच्या अंगावर येतो.

आता गंमत बघा. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. दोरी ओढली, चालू होत नाही. आपल्याला पहिला माहीत आहे, मला दुसऱ्याची भीती आहे, आणि भाव माझ्या भीतीने ठरतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर हेच लिहिलं. खोट विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सरसकट सगळ्यांचाच भाव पाडतो, आणि चांगल्या मालाचा मालक वैतागून बाजारातून उठतो. आधी काही नियतकालिकांनी तो निबंध साभार परत केला होता. २००१ साली अकरलॉफना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण त्यांच्या सिद्धांताला पडवीतून पुरावा पुरवता आहात, याची दखल कुणीतरी घ्यायला हवी.

आपल्यातला दुसरा वर्ग उदार आहे. तो विकायच्या आधी सगळंच बदलतो. नवा पिस्टन, नवा क्लच, नवी शाफ्ट, नवं हॅन्डल, आणि बिलं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातावर ठेवतो, “बघा, केवढा खर्च केलाय!” मालक, तो खर्च आपला. मी जुनं मशीन घ्यायला आलोय, आपल्या बिलांचं कर्ज उचलायला नाही. अमक्या वर्षाच्या मशीनला बाजारात एक भाव असतो, आत काहीही घातलंत तरी तो फार वर सरकत नाही. मोठं काम निघालं असेल तर करू नका. तेच मशीन मेस्त्रीला सुट्या भागांसाठी द्या. त्याला गिअर हेड हवं असतं, शाफ्ट हवी असते. तो पैसे कमी देईल, पण भांडण नाही.

तिसरा वर्ग रंगवतो. गुरांच्या बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून हिंगूळ लावतात, तसा टाकीवर नारिंगी स्प्रे मारतो, आणि तो स्प्रे एअर फिल्टरच्या जाळीवरही बसलेला असतो. रंग पाहिला की मी सायलेन्सर खोलायला मागतो. दोनचार स्क्रू काढले की त्यामागच्या भोकातून पिस्टन दिसतो. अंग गुळगुळीत असेल तर बोलणी पुढे. उभे ओरखडे असतील तर चहा पिऊन मी निघतो. आणखी एक देशी परीक्षा आहे. मशीन दोरीच्या मुठीला धरून उचलायचं. इंजिनात दम असेल तर ते लोंबकळत राहतं, नसेल तर दोरी सळसळत बाहेर येते आणि मशीन खाली बसतं. ही परीक्षा आपणच आधी घेऊन बघा, म्हणजे दुरुस्त करायचं की नाही हे मेस्त्रीलाही विचारायला नको.

आणि मुहूर्त? दिवाळीनंतर गवत सुकतं, तेव्हा आपली जाहिरात येते. तेव्हा ग्रास कटर कोण घेणार? श्रावणात गवत कमरेला लागलेलं असतं, गडी मिळत नाहीत, मेस्त्रीकडे मशिनांची रांग असते. त्या वेळी चालू मशीनला गिऱ्हाईक घरी चालत येतं.

तेव्हा विनंती एवढीच. प्लग बदला, कार्बोरेटर धुवा, नळी, फिल्टर आणि दोरी नवी घाला, ताजं पेट्रोल मोजून मिसळा. बाकी जे आहे ते आहे तसं सांगा. पातं हलतं, बटण कधी कधी अडकतं, हे ऐकून कुणी पळून जात नाही. आणि मी येणार म्हणून मशीन तासभर आधी चालवून गरम करून ठेवू नका. गरम मशीन कुणाच्याही हाताने चालू होतं. आल्या आल्या मी आधी सायलेन्सरलाच हात लावतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोरी ओढून खांदा भरून आलेला एक गिऱ्हाईक

ता. क. मशीन सरकारी अनुदानावर घेतलेलं असेल, तर विकण्याआधी त्या वेळी सही केलेलं हमीपत्र शोधून वाचा. ते कार्बोरेटर धुऊन सुटत नाही.