योग्य मार्गाने

महसूल खात्याच्या कोणत्याही जिल्हा कचेरीत पाऊल टाका. दप्तराच्या बस्त्यांच्या उतरंडीमागे, छताच्या पंख्याचा वारा जेथवर पोचत नाही अशा जागी, ज्यांची बढती ‘आता झालीच’ असे एक भाऊसाहेब बसलेले आपणांस हमखास आढळतील. पुढच्या यादीत त्यांचे नाव आहे. मागच्या यादीतही होते.

त्यांची महत्त्वाकांक्षा तशी माफक आहे. त्यांना कलेक्टर व्हावयाचे नाही, मामलेदारही व्हावयाचे नाही. केवळ कारकुनाचे अव्वल कारकून व्हावयाचे आहे. बाहेरच्या माणसाला हा फरक थोड्याशा वेतनवाढीपुरता वाटतो. परंतु त्यापाठीमागे हातांची खुर्ची, शिपायाने न मागता आणून ठेवलेले पाणी आणि दुसऱ्याच्या मसुद्यावर तांबड्या शाईने खोडाखोड करण्याचा अधिकार एवढे वैभव उभे आहे, हे कचेरीत उमर घालविल्यावाचून कळावयाचे नाही.

पात्रतेविषयी तर बोलावयासच नको. खात्याच्या परीक्षा ते केव्हाच उत्तीर्ण झाले. 1879 चा जमीन महसुलाचा कायदा त्यांना मुखोद्गत होता. आणि त्याच्या जागी 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता येऊन पुढल्या वर्षीच्या ऑगस्टात ती अमलात आली, तेव्हा जुन्या कलमाचे नवे कलम कोणते हे शोधता शोधता सारी कचेरी घामाघूम झाली असता, ज्यांनी घरी कंदील लावून दोहोंचा तुलनात्मक तक्ता सिद्ध केला ते भाऊसाहेबच. तक्ता फार वाखाणला गेला. सही साहेबांची होती.

अशा या विद्वानास ओलांडून जो पुढे गेला, तो एका वजनदार गृहस्थाचा भाचा. त्याच्या नेमणुकीच्या हुकमात ‘तात्पुरती, योग्य उमेदवार मिळेपर्यंत’ असे स्पष्ट शब्द होते. तथापि योग्य उमेदवाराचा शोध घेण्यास सरकारास पुढे सवड झाली नाही, आणि तात्पुरता होता तो कायम, कायम झाला तो कार्यक्षम, आणि कार्यक्षम ठरला तो अव्वल कारकून, अशा क्रमाने सर्व काही रीतसर घडून आले. वशिल्याइतकी नियमांची बूज राखणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. एकही कागद अपुरा सापडावयाचा नाही.

भाऊसाहेब वशिल्याचे कट्टर वैरी आहेत. ते स्वतः नोकरीत आले तेव्हा त्यांचे मामा त्याच कचेरीत शिरस्तेदार होते. पण तो वशिला नव्हे. मामांनी साहेबांपाशी एक शब्द टाकला, इतकेच.

गोपनीय अहवालांनीही त्यांचा घात केला आहे. पूर्वी शेरा प्रतिकूल असला तरच तो संबंधितास कळवावा लागे आणि मग त्याविरुद्ध दाद मागता येई. भाऊसाहेबांच्या नशिबी दरसाल ‘ठीक’ हा शेरा. तो कळवावाही लागत नसे आणि त्याने बढतीही मिळत नसे. (मग तो त्यांना कळला कसा, असे विचारू नये. कचेरीतील गोपनीय कपाटाची किल्ली कोठे असते, हे शिपायापासून सर्वांस ठाऊक असते.)

तेव्हा उरतो तो अर्ज. राज्यघटनेच्या 16 व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत सर्वांस समान संधीची हमी दिली आहे, असे पहिल्याच परिच्छेदात नमूद करून, सेवापुस्तकातील तारखा व ज्येष्ठता यादीतील अनुक्रमांक उद्धृत करीत, ‘तरी मेहेरबानांनी कृपावंत होऊन’ या वळणावर येणारा त्यांचा अर्ज म्हणजे मसुद्याचा उत्तम नमुना असतो. मात्र सरकारी शिस्तीप्रमाणे तो योग्य मार्गानेच जावा लागतो. म्हणजे ज्या चिटणिसांनी भाच्याची शिफारस केली त्यांच्याच हातून. चिटणीस न्यायी आहेत. ते अर्ज दडपीत नाहीत. आस्थापना शाखेचा अभिप्राय मागवितात. आता आस्थापना शाखेत नियम जाणणारा मनुष्य एकच, आणि तो म्हणजे अर्जदार. त्यामुळे स्वतःच्या अर्जावरील टिपणी लिहिण्याचे काम फिरून भाऊसाहेबांच्याच मेजावर येते, आणि लेखणी हाती घेताच त्यांच्यातील अन्यायग्रस्त मनुष्य लोपून कारकून तेवढा शिल्लक राहतो. बढतीसाठी विचार होणे हा नोकराचा हक्क असला तरी प्रत्यक्ष बढती हा हक्क नव्हे. निवड गुणवत्तेवर झालेली आहे. सबब अर्ज निकाली काढण्यास हरकत नसावी, अशी निर्दोष टिपणी ते सुवाच्य अक्षरात लिहितात. चिटणीस खाली ‘सहमत’ लिहितात. भाऊसाहेब संध्याकाळी चहा घेताना चिटणिसांस मनसोक्त शिव्या देतात, पण टिपणीत काही उणे राहिले असे मात्र कबूल करीत नाहीत.

भाचा, खरे सांगावयाचे तर, वाईट मुलगा नाही. तो भाऊसाहेबांस काका म्हणतो, दिवाळीला फराळाचे ताट धाडतो, आणि कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी ती नेमकी कोठे करावयाची हे त्यांना विचारल्याशिवाय टाक उचलीत नाही. तेव्हा आपले कचेरीत काही काम निघाले तर अव्वल कारकुनांच्या मेजापाशी तिष्ठत न बसता परभारे बस्त्यांच्या मागे जावे. अव्वल कारकूनही तिकडेच पाठवितात.