जीन्स आणि जळू

गगनबावड्याच्या पावसात रानात राबायला कुठली पँट घ्यावी? कोल्हापुरातल्या दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : जाड जीन्स. टिकते खरी! एकदा भिजली की बेंदूर ते पोळा वाळत नाही, म्हणून फारशी वापरलीच जात नाही. पॉलिस्टर मिसळलेलं ड्रिल लवकर वाळतं. ते मागितलं की शाळेचा गणवेश पुढ्यात येतो. झटपट वाळणारी, आठ खिशांची पँट असते ती दाजीपूरला गवा बघायला आलेल्या पाहुण्याकडे. तो जीपमधून उतरत नाही. याच जिल्ह्यात इचलकरंजीत 1904 पासून यंत्रमाग धडधडताहेत; करवंदीच्या काट्यांना पुरून उरणारी मजुराची विजार मात्र कुणाच्या ऑर्डरीत नाही. तोवर गुडघ्यापर्यंतची चड्डीच बरी : भिजायला कापड कमी आणि जळू चढली तर दिसते तरी.