लायक्राराव

लंडनच्या दक्षिणेला, आगगाडीने तासाभरावर सरे परगण्यातल्या टेकड्या लागतात. तिथल्या कुठल्याही अरुंद रस्त्याच्या कडेला रविवारी सकाळी उभे राहा. पहिल्या दहा मिनिटांत लायक्राराव दिसले नाहीत, तर समजा की नाताळ आहे. वय पंचेचाळीस ते साठ. अंगाला चिकटलेले लायक्राचे चकचकीत कपडे, आणि पाठीवरच्या तीन खिशांपैकी एकातून डोकावणारं केळं. सोमवार ते शुक्रवार हे गृहस्थ कुठल्याशा कचेरीत दुसऱ्या मजल्यावर बसतात आणि तिथे लिफ्टने जातात. चार पौंडांची कॉफी त्यांना लूट वाटते. सायकलच्या चाकांच्या जोडीला मात्र ते हजार पौंड मुकाट मोजतात आणि घरी पाचशे सांगतात. सायकली किती असाव्यात, याचं उत्तर त्यांच्या पंथात ठरलेलं आहे: आहेत त्याहून एक जास्त.

त्यांचं दुखणं एकच. चढायची हौस दांडगी, पण इथे डोंगर नावाला नाही. सगळ्या सरे परगण्यातली सर्वांत उंच जागा लीथ हिल, ती २९४ मीटर. म्हणजे हजार फुटांनासुद्धा थोडी कमीच. अठराव्या शतकात रिचर्ड हल नावाच्या जमीनदाराने तिच्या माथ्यावर एक मनोरा बांधला, आणि त्या मनोऱ्याचं टोक हजार फुटांच्या पलीकडे गेलं. आसपासच्या सुंदर प्रदेशाचा देखावा आपल्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बघता यावा म्हणून हा खटाटोप, असं तिथला लेख सांगतो. असेलही. पण राईचा पर्वत करण्याची इतकी चोख, दगडी बांधकामातली तऱ्हा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. हलसाहेबांना त्यांच्याच इच्छेनुसार त्या मनोऱ्याखाली पुरलं. लायक्राराव हे त्यांचे वारस. दगडांऐवजी आकडे रचतात, एवढाच फरक.

रचना शनिवारी रात्री सुरू होते. जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलायच्या आत ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा पसरला जातो. हँडलवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र आहेच, पण कागदी नकाशावर बोट फिरवल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. या नकाशात तीव्र चढावर बाणाची खूण असते. चौदा ते वीस टक्क्यांचा चढ असेल तर एक बाण, वीसच्या वर गेला तर दोन. शहाण्या माणसाने हे बाण बघून रस्ता बदलावा, म्हणून ती सोय. लायक्राराव बाण वेचत जातात, आणि दोन बाण शेजारी दिसले की त्यांचा चेहरा वरसंशोधनाला निघालेल्या बापाचा पत्रिका जुळल्यावर होतो तसा होतो. मोठ्या रस्त्याचा त्यांना विटाळ. डॉर्किंगहून गिल्डफर्डला ए-२५ हा रस्ता जातो, वीसेक किलोमीटरचा. लायक्राराव त्यासाठी साठ घेतात, आणि पुष्कळदा गिल्डफर्डला पोहोचतही नाहीत. तिथे त्यांचं काम तरी काय असतं?

हे वेड आजचं नाही. सायकलस्वारांचा टूरिंग क्लब इंग्लंडात १८७८ साली निघाला. त्या काळात अशा संस्था टेकड्यांच्या माथ्यावर लोखंडी पाट्या लावत, की पुढचा उतार धोक्याचा आहे, जपून. आज तशी पाटी कुठे शिल्लक असली, तर लायक्राराव तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतात. शतक उलटायच्या सुमाराला रस्त्यावर घोळक्याने शर्यती लावायची बंदी आली, तेव्हा त्यांच्या पणजोबांनी दुसरी वाट काढली. पहाटे उठायचं, काळे कपडे घालायचे आणि एकेकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची. जागा बाहेर कळू नये म्हणून मार्गाला सांकेतिक क्रमांक. ते क्रमांक अजून चालतात. स्वतःला छळायचं तेसुद्धा गुपचूप, शेजाऱ्याची झोप न मोडता, हे फक्त इंग्रजाला जमतं.

मग २०१२ चं ऑलिंपिक आलं आणि रोडरेस नेमकी बॉक्स हिलवरून गेली. बॉक्स हिल म्हणजे २२४ मीटरची टेकडी, आणि तिच्यावर चढणारा झिगझॅग रोड अडीच किलोमीटरचा, सरासरी पाच टक्क्यांचा. पुरुषांनी तिला नऊ फेऱ्या घातल्या. ब्रिटनचा मार्क कॅव्हेंडिश सुवर्ण आणणार म्हणून सगळा देश रस्त्याच्या कडेला लोटला होता, आणि सुवर्ण घेऊन गेला कझाकस्तानचा विनोकुरोव्ह. दुसऱ्या दिवशी बायकांच्या शर्यतीत ब्रिटनच्या लिझी आर्मिस्टेडने रौप्य मिळवलं, म्हणून थोडी लाज राहिली. त्या दिवशी आपण कितव्या वळणावर उभे होतो हे प्रत्येक लायक्राराव सांगतो. सगळ्यांचं खरं मानलं, तर त्या वळणांवर निदान अर्धं सरे मावलं असलं पाहिजे. तेव्हापासून बॉक्स हिल हे क्षेत्र झालं. माथ्यावर नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं उपाहारगृह आहे, तिथे प्रसाद मिळतो. त्यात अक्रोडाचा कॉफी केक श्रेष्ठ. सायकल पावशेराने हलकी व्हावी म्हणून दोनशे पौंड खर्चलेले असतात. तो पावशेर इथे पंधरा मिनिटांत परत अंगावर चढतो.

केकपुढे बसलेल्या लायक्रारावांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. हा समाज बढाई मारत नाही. मारू शकत नाही, तसं वळणच नाही. म्हणून तो तक्रार करतो. “पाय आज अगदीच गेले,” असं एक जण म्हणतो, याचा अर्थ तो सर्वांच्या आधी वर पोहोचला. “वारा समोरून होता,” म्हणजे शेवटी पोहोचला. “मार्ग थोडा उंचसखल आहे,” हे वाक्य नवख्याला पत्ता लागू न देता मारण्यासाठी वापरतात. सायमन वॉरेनने २०१० मध्ये ब्रिटनमधल्या शंभर चढांचं पुस्तक काढलं आणि प्रत्येक चढाला दहापैकी गुण दिले. तेव्हापासून वादाला शास्त्राधार मिळाला. कुठल्या चढाला सहा मिळाले आणि खरे किती हवे होते, यावर दोन प्रौढ गृहस्थ चहा गार होईपर्यंत भांडताना मी पाहिले आहेत.

त्यांचं खरं रूप बघायचं तर सप्टेंबरात बघावं. इथले रस्ते कुंपणांच्या मधून जातात, आणि पाखरांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना ती कुंपणं छाटायला मनाई असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर निघतात, आणि हॉथॉर्नच्या झुडपांचे काटे रस्ताभर पसरतात. फस्स आवाज होतो. लायक्राराव हात वर करतात, सगळा जथा एका फाटकाशी थांबतो. चाक उतरतं, ट्यूब बाहेर येते. मग लायक्राराव डोळे मिटून टायरच्या आतून बोट फिरवतात, सावकाश, काटा टोचेपर्यंत. टोचला की “हा बघा” म्हणून तो नखाने ओढून सर्वांना दाखवायचा. बाकीचे पाच जण कमरेवर हात ठेवून सल्ले देतात, हात कोणी लावत नाही. मग अंगठ्याएवढं गॅसचं नळकांडं निघतं. एका क्षणात टायर फुगावा, असा त्याचा लौकिक. पण तोंड नीट बसत नाही, आणि पांढरा थंडगार वायू हॉथॉर्नच्या कुंपणाला मिळतो. अखेर जथ्यातले सर्वांत म्हातारे, मडगार्ड लावलेल्या पोलादी सायकलवाले काका, चौकटीला अडकवलेला जुना पंप काढतात आणि काही न बोलता पुढे करतात. त्या न बोलण्याला लायक्राराव फार भितात.

या पंथात आता आपलेही लोक शिरलेत. वोकिंगला राहणारे आमचे एक स्नेही मूळचे पुण्याचे. पुण्यात असताना कोपऱ्यावरून दूध आणायला स्कूटर काढायचे. हे माझं नाही, वहिनींचं निरीक्षण. “अहो, पोळपाट ठेवायला मला जागा नाही, आणि ही बया मात्र हॉलमध्ये टेकून उभी!” ही बया म्हणजे तिसरी सायकल.

त्यांचा भाचा साताऱ्याहून आला होता. रोज पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलने चढणारा पोरगा. मामांनी त्याला मोठ्या भक्तिभावाने बॉक्स हिलला नेलं. माथ्यावर पोहोचल्यावर भाचा म्हणाला, “मामा, चढ कुठून सुरू होतो?”

“झाला की.”

पोरगं हसलं. मामा हसले नाहीत. त्यांनी त्याला डॉर्किंगला उतरवलं, तिथून रॅनमोरच्या टेकडीवर चढवलं आणि पलीकडे व्हाइट डाउन लेनने खाली सोडलं. इथल्या उताराची खुबी अशी की त्याचा उपयोग होत नाही. झाडांच्या बोगद्यातून, ओल्या पानांवरून दोन्ही ब्रेक दाबत उतरायचं. वेग हाताशी येतो न येतो तोच समोर आंधळं वळण, आणि वळणावर घोड्यावरची बाई. तिला अदबीने सुप्रभात म्हणून, घोडा बुजू नये म्हणून पाय टेकवून थांबायचं आणि पुढचा चढ शून्यापासून सुरू करायचा. असे सात-आठ झाले. ॲबिंजर हॅमरला पोहोचेपर्यंत भाच्याचं बोलणं बंद झालं होतं. त्या गावात रस्त्यावर घड्याळ आहे, आणि त्यातला लोहाराचा पुतळा तासाला घंटेवर घण घालतो. त्याच्याकडे बघत पोरगं गवतावर बसून राहिलं.

“मामा,” ते म्हणालं, “आपल्याकडे घाट एकदाच असतो हो. चढला की संपला. इथे कुणी रोखीने देतच नाही, सगळं हप्त्यांनी वसूल.”

मामांनी त्याला उठवून उपाहारगृहातल्या टेबलाशी बसवलं, पुढे केक सरकवला आणि यंत्राकडे नजर टाकून म्हणाले, “आता फक्त लीथ हिल.”

शेजारच्या टेबलावर एक अस्सल लायक्राराव बसले होते. मराठी कळायचं कारण नव्हतं, पण लीथ हिल हे दोन शब्द त्यांनी टिपले. खुर्ची जरा जवळ ओढून, दवाखान्यात बोलावं तशा हळू आवाजात ते म्हणाले, “माफ करा, मध्ये बोलतोय. वर जायला एक सोपा रस्ताही आहे. चुकून त्याला लागू नका.”