शेवटी लग्न लागायलाच हवं का?

प्रेमकथेच्या शेवटी लग्न लागलं की लेखक हलका ठरतो आणि ताटातूट झाली की जड, हे मी फार लवकर हेरलं. त्यामुळे माझ्या कथेतली एकही जोडी आजवर बोहल्यावर चढलेली नाही. गेल्या दिवाळी अंकात तर मी नायिकेला वाघोटन खाडीपलीकडे कायमची धाडली आणि नायकाला विजयदुर्गच्या बुरुजावर समुद्राकडे तोंड करून बसवला. मग स्वतःच स्वतःची पाठ थोपटली.

शेजारच्या काकींनी अंक परत देताना विचारलं, "तिका परत आणूक तुझे पैशे पडतत काय रे?"

मी गडकऱ्यांचा आधार घेतला. 'एकच प्याला'त सिंधू जगली असती तर नाटक उरलं असतं का?

"ती घोवाच्या दारूपायी मेली. तुझी कशापायी गेली?"

याला उत्तर नव्हतं. संस्कृतात शोधायला गेलो तर भवभूतीही फितूर निघाला. त्याने 'उत्तररामचरिता'त चक्क राम-सीतेची भेट घडवली आहे. डिकन्सनेही १८६१ साली मित्र लिटनचं ऐकून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट मवाळ केला. त्याला लिटन भेटला, मला काकी.

काकी असं का विचारतात हे कळायला आता दशावतारी नाटकाबद्दल बोलावं लागेल. लागलं नसतं तरी बोललो असतो. आधी गणपती, मग संकासुराचा धुडगूस, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. राजा, राक्षस आणि लुगडं नेसलेला स्त्रीपार्टी उभ्या उभ्या संवाद रचतात. ठरलेला असतो तो शेवटच. राक्षस मरणार, हे कडेवरच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं थंडीत कांबळी पांघरून पहाटेपर्यंत बसतात, आणि राणी वनवासाला निघाली की काकी दरवर्षी पदर डोळ्यांना लावतात. राणी परत येणार याची खात्री असते, म्हणूनच त्या पोटभर रडू शकतात.

काकींचे यजमान मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. शोकान्त काय असतो, हे त्यांनी माझ्याकडून का शिकावं? सुखान्ताला पळवाट म्हणणारे बहुतेक जण संध्याकाळी भरल्या घरात परततात, याचा मला अलीकडे फार राग येतो. त्यांत मीही आहे, म्हणून जरा जास्तच.

यंदाच्या कथेत लग्न लावलंय. जाणकारांची सोय म्हणून ऐन मुहूर्ताला वीज घालवली आहे. तेवढ्या दुःखावर त्यांनी भागवावं.