'पाणी आणू? किती देणार?'

अहो, ऐकलंत का? या जरा अशा कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही.

समोरच्या वहिनींनी धाकट्याला पॉकेटमनी सुरू केला, हे तर अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. पण नुसता द्यायचा की नाही? छे! फ्रिजवर रेटकार्ड लावलं. साखर मागायला गेले तेव्हा मी स्वतः वाचलं ना. ताट उचललं की पाच रुपये, चपला रॅकवर ठेवल्या की दोन, न सांगता अभ्यासाला बसला की दहा! 'पोराला पैशाची किंमत कळायला हवी,' म्हणाल्या. मी आपली मान डोलावली. साखर न्यायची होती ना, त्यात त्यांचा तो नवा मिक्सर...

तर काय सांगत होते, रविवारी वहिनींच्या नणंदबाई आल्या, सोलापूरच्या. स्वभाव तुम्हाला माहितीच आहे. उन्हातून आलेल्या, सोफ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, 'बाळा, आत्याला पाणी आण रे.' हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. 'किती देणार?'

अगं बाई गं! वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला. नणंदबाई शांतपणे म्हणाल्या, 'आमच्याकडे अजून पाणी फुकट मिळतं हो वहिनी.' मिस्टर तर मान वर करेनात. शेवटी आजींनी पाणी आणलं.

त्याच रात्री रेटकार्ड फाडलं. मी म्हणते, बरंच झालं. घरचं काम घरचं म्हणूनच करायचं, त्याला कसली आलीय मजुरी? आता दर शनिवारी शंभर रुपये, तेही रोख. मोबाइलवरून गेलेले पैसे पोराला दिसतच नाहीत ना. संपले की पुढच्या शनिवारपर्यंत नाव काढायचं नाही. पहिल्या आठवड्यात मंगळवारीच खडखडाट! सगळे त्या कसल्या कार्डांवर आणि भेळेवर गेले. बुधवारी गळा काढला, पण वहिनी हलल्या नाहीत हो. मानलं बाई.

मग हिशेबाची वही आली. आणि खरी गंमत तिथेच! मिस्टरांनी सगळ्यांसमोर कौतुकानं वाचायला घेतली. भेळ 30, खोडरबर 5, जमा 50... पुढे लिहिलेलं, 'आजीने देवघरात दिले, कुणाला सांगायचं नाही.' आजी तडक स्वयंपाकघरात! उगाच डबे पुसायला लागल्या. आता सांगा, मागच्या दारानं अशी पन्नासाची नोट मिळत असेल तर शंभर पुरवायला शिकणार कोण?

असो. उरलेल्या पैशांचं मात्र झकास केलंय. आपल्या वेळी शाळेत संचयिका होती, आठवतं ना? तसं आता पोस्टात. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःच्या नावावर बचत खातं काढता येतं, पाचशे रुपयांत, आणि सही त्याची त्यानंच करायची. बँकांनाही रिझर्व्ह बँकेनं 2014 सालीच तशी मुभा दिलीय. तीन दिवस पोरगं वहीच्या मागच्या पानांवर सहीच गिरवत होतं म्हणे!

तुमच्या नातवालाही दहा पूर्ण झाली ना हो? मग सोमवारी न्या त्याला पोस्टात. कागदपत्रं काय लागतात ते काउंटरवर त्यालाच विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.